टाक्यावरून निवडलेला सर्जन

१० जानेवारी

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या कप्प्यात गाठ आहे आणि ती कॅन्सरचीच आहे, असं आज छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीपासून मी खोकतेय. हे म्हणायचे, मशिनच्या खोलीत सुताची धूळ उडते, तोंडाला फडकं बांध. मी बांधलं, त्याला छान पायपिंगसुद्धा लावलं. जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही आणि हे असं. डॉक्टर म्हणाले, हल्ली असेही पेशंट पुष्कळ येतात, कारण शोधत बसू नका. बरं झालं, नाहीतर ह्यांनी सुताच्या धुळीवर खापर फोडून माझा क्लासच बंद करायला लावला असता.

फाइलवर नाव होतं, कल्याणी रामदास हेंद्रे, वय त्रेसष्ट, व्यवसाय गृहिणी. मी तिथेच पेन मागून घेतलं, गृहिणी खोडलं आणि शिवणक्लास लिहिलं. पस्तीस वर्षं कसब्यात ब्लाउज शिकवतेय. अर्ध्या पुण्याच्या पाठींवर माझ्या क्लासच्या मुलींच्या हातचं फिटिंग आहे.

चांगली बातमी अशी की ऑपरेशन करता येण्यासारखं आहे. तो कप्पाच काढून टाकायचा. हे काम करणाऱ्या दोघांची नावं त्यांनी दिली, डॉ. दत्तप्रसाद आठल्ये आणि डॉ. भाग्यश्री वानखेडे. दोघांना भेटा आणि ठरवा, म्हणाले. उठताना एक वाक्य बोलले ते मी लक्षात ठेवलंय. "या ऑपरेशनमध्ये हाताला महत्त्व आहे. आतून काय काढलं आणि कसं काढलं, त्यावर पुढची वर्षं ठरतात." हाताचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको.

सून बरोबर होती, अक्षता. सगळा वेळ मोबाइलवर. डॉक्टर बोलताहेत आणि हिची बोटं चाललीत. खराडीच्या त्या कंपनीत काय वळण लावतात कुणास ठाऊक. मुलगा आनंद नाशिकच्या कारखान्यात, रविवारी येतो, त्यामुळे दवाखान्याला सोबत म्हणून हीच.

१३ जानेवारी

दोन्ही सर्जन एकाच दिवसात उरकले. सकाळी एक, संध्याकाळी एक. हे मागच्या खुर्चीत बसून दोन्हीकडे मान डोलवत होते. ह्यांचं मत नेहमी शेवटी बोलणाऱ्याचं असतं.

डॉ. आठल्ये पन्नाशीचे, हसरे, टेबल लख्ख. बरगड्यांमधून तीन छोटी छिद्रं पाडणार, कॅमेरा घालणार, दोन-अडीच तासांत कप्पा बाहेर आणि चौथ्या दिवशी मी घरी. "काकू, व्रण शोधावा लागेल," म्हणाले. मग सूनबाईंनी ग्रंथींचा विषय काढला. श्वासनलिकेच्या कडेने छोट्या लसिकाग्रंथी असतात, कॅन्सर पसरायला लागला की बहुधा आधी त्यांच्यात शिरतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, स्कॅन स्वच्छ आहे, वाटेत दिसतील त्या घेऊ. हिने पुन्हा विचारलं, कुठल्या कुठल्या घेणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस एवढं गोड बोलतोय आणि ही मंडईत घासाघीस करावी तशी चिकटलेली.

डॉ. वानखेड्यांकडे नुसतं बसून कंबर धरली. बाई चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, हसण्याचा संप. तीनच गोष्टी बोलल्या. एक, कप्पा काढणार. दोन, भोवतालच्या ग्रंथी काढणार, ठरलेल्या सगळ्या जागांवरच्या, स्कॅनमध्ये चांगल्या दिसल्या तरी. तीन, सुरुवात छोट्या छिद्रांतूनच करणार, पण आतलं काम नीट होत नाहीसं वाटलं तर मोठं उघडणार, आणि ते तेव्हा मला विचारायला थांबणार नाही. वेळ लागेल, दुखेल, सहा-सात दिवस राहावं लागेल. व्रणाबद्दल एक अक्षर नाही.

बाई मूळच्या अमरावतीच्या. बोलण्यात लगेच कळतं, आपण बघतो, त्या पाहतात. आणि आमची सून कुठली? अमरावतीची. म्हणजे हिचा कल तिकडे का, तेही कळलं. पण अमरावतीच्या अभिमानापायी माझं फुप्फुस द्यायला मी तयार नाही.

१९ जानेवारी

निवडायची पद्धत सापडली. कामाची परीक्षा काम बघून करायची, बोलणं ऐकून नाही. गिऱ्हाइकाने मला काय विचारलं असतं? तुम्ही शिवलेला एखादा ब्लाउज दाखवा.

आज क्लासचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जुन्या मुलींना आधीच निरोप धाडला होता की ओळखीत कुणाचं फुप्फुसाचं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाईला घेऊनच या. वाण म्हणून सुयांची पाकिटं होती. दोघी आल्या, आणि नशीब असं की एक आठल्यांची, एक वानखेड्यांची. दोघींना मापाच्या खोलीत नेलं आणि पडदा ओढला. त्या खोलीत कुठलीच बाई लाजत नाही, तिथे ब्लाउज काढायचाच असतो.

पहिल्या सुंदराबाई, नाना पेठेतल्या, आठल्यांनी गेल्या पावसाळ्यात ऑपरेशन केलेल्या. मी चष्मा लावला आणि बघतच राहिले. टाका आतून घेतलेला, वर दोऱ्याचं नाव नाही. दोन्ही कडा एका रेषेत, कुठे चुणी नाही. रेशमावर इतकी सारखी तुरपाई माझ्या हातूनसुद्धा रोज होत नाही. शेवटची गाठ कुठे लपवली, ते बोट फिरवूनही सापडेना. बिचाऱ्या मधूनमधून खोकत होत्या, थंडीचे दिवस आहेत.

दुसऱ्या बाई धायरीच्या, शाळेत शिकवतात, वानखेड्यांनी ऑपरेशन केल्याला तीन वर्षं झालेली. त्यांच्या कातडीला चक्क स्टेपलरच्या पिना मारल्या होत्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपके, एका टोकाला एक कड वर आणि एक खाली. धान्याचं पोतं असं शिवतात. बाई मात्र ठणठणीत, आमचा अरुंद जिना बोलत बोलत चढल्या, तिळाचे तीन लाडू खाल्ले आणि उखाणाही घेतला. पण मला त्यांची तब्येत बघायची नव्हती, टाका बघायचा होता.

ठरलं. आठल्ये.

२० जानेवारी

निर्णय घरात जाहीर केला. ह्यांनी मान डोलावली. आनंद फोनवर म्हणाला, आई, तू ठरवशील ते. सूनबाई मात्र भाकरी तव्यावर टाकून वळली आणि म्हणाली, "आई, व्रण कातडीवरचा असतो. आजार आत आहे."

मी म्हटलं, ज्याचा वरचा टाका असा, त्याचा आतला हात कसा असेल याचा मला अंदाज आहे. तू कॉम्प्युटरचं बघ, हाताचं मला कळतं. ती म्हणाली, निदान ग्रंथींचं तरी पुन्हा विचारा, त्या कुठल्या काढणार ते कागदावर मागा. मी म्हटलं, जिला अजून सुईत दोरा धड ओवता येत नाही तिने मला ऑपरेशन शिकवू नये. जरा लागेल असंच बोलले, पण बोलले.

ती मोरीत गेली. कितीतरी वेळ नळ चालू होता. कसब्यात पाणी वेळेवर येतं म्हणून ते असं सोडायचं नसतं. भाकरी मीच उतरवली, तोवर करपली होती.

आठल्यांकडे पाच फेब्रुवारीची तारीख घेतली. मला बिलकूल भीती वाटत नाही.

२५ जानेवारी

घरात एक नवीन खेळणं आलंय. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक चेंडू. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा आणि चेंडू वर ठेवायचे. ऑपरेशनआधी फुप्फुसाला व्यायाम. सूनबाईंनी आणलंय आणि सारखी आठवण करून देते. दोन चेंडू लगेच उचलले. तिसरा पुणेरी निघाला, जागचा हलत नाही. पण त्याला उचलल्याशिवाय मी सोडणार नाही.

हिने ऑफिस घरूनच सुरू केलंय. नोकरी टिकवायची आहे की नाही, विचारलं तर हसते. आणि आता काय डोक्यात आलंय, तर संध्याकाळी क्लास सुटला की माझ्याजवळ बसून हूक लावायला शिकायचंय. पाच वर्षं या घरात आहे, मशिनच्या खोलीत फक्त केर काढायला यायची. मी म्हटलं, आत्ताच बरी आवड उत्पन्न झाली? तर म्हणते, "हूक राहू दे. नुसती बसले तुमच्याजवळ तर चालेल ना?" चालेल की, खोली काय माझ्या एकटीची आहे? बोटाला चार ठिकाणी टोचून घेतलं आणि एकही हूक सरळ नाही. सगळे मी उसवले. ती आत गेल्यावर उसवले, एवढी माणुसकी मला आहे.

२९ जानेवारी

आज आठल्यांकडे ऑपरेशनच्या आधीची शेवटची भेट होती. रक्ताचे रिपोर्ट त्यांना आवडले, माझा श्वासही आवडला. मलाही मन मोकळं करायचं होतं. म्हटलं, डॉक्टर, तुमचं काम मी पाहिलंय. नाना पेठेतल्या बाईंचा टाका बघितला आणि मी तुम्हाला नक्की केलं. तो दोरा कुठला वापरता, आणि शेवटची गाठ आत कशी लपवता, तेवढं एकदा सांगा. माझ्या मुलींना शिकवीन.

ते मनापासून हसले. म्हणाले, "अहो काकू, ते मी नाही करत. आतलं झालं की मी पुढच्या टेबलावर. कातडी माझे असिस्टंट शिवतात."

कोण असिस्टंट, मी विचारलं. म्हणाले, बदलत असतात. गेल्या वर्षी एक डॉक्टरीणबाई होत्या, हात फार सुंदर होता त्यांचा, आता बंगळुरूला गेल्या.

म्हणजे मी जो हात निवडला तो बंगळुरूला. मग म्हटलं, बरं, आतलं कसं करता? ते म्हणाले, आतलं तुम्हाला कळण्यासारखं नाही, तुम्ही निर्धास्त राहा. ग्रंथींचं विचारलं, पुन्हा तेच, दिसतील त्या घेऊ. आधीच्या वर्षांतले पेशंट कसे आहेत, विचारलं. सगळे मजेत, म्हणाले, दिवाळीला केबिनमध्ये मिठाईच्या खोक्यांना जागा पुरत नाही. तुम्ही होऊन कुणाला फोन करता का? तर म्हणाले, त्रास झाला तर येतातच की.

रिक्षात मी एकटीच विचार करत होते. जो गेला तो मिठाई कशी पाठवेल? खोकी बघून फक्त कोण आहेत ते कळतं, कोण नाहीत ते कळत नाही. माणूस वाईट नाही. पण त्याने मोजायचं तेवढंच मोजलंय जेवढं आपणहून त्याच्या दारात आलं.

३० जानेवारी

सकाळी उठले ती हसतच. हे घाबरले, औषधाचा परिणाम वाटला त्यांना.

माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, बाई, तुमचे काज किती सुंदर. काज मी वीस वर्षांत केलेले नाहीत. काज-हूक मुली करतात, नवशिक्या असतात त्याच. कटिंगला मात्र मी कात्री कुणाच्या हातात देत नाही, कारण ब्लाउज बसतो की ओढतो ते तिथेच ठरतं. हे मी दर बॅचला पहिल्याच दिवशी शिकवते. ब्लाउज विकत घेताना आधी उलटा करा, शिलाई आतून बघा, वरच्या लेसवर जाऊ नका. आणि मी स्वतः काय केलं, तर सुंदराबाईंची लेस बघून आले.

ही चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती, त्यासाठी पस्तीस वर्षांचा अनुभव लागतो. पण मी रडत बसणाऱ्यातली नाही. टीप चुकली तर उसवायची, आणि कापड फाटण्याआधी कळलं म्हणून खूश व्हायचं. आठल्यांकडे फोन करून तारीख रद्द केली. तिथल्या मुलीने कारण विचारलं. म्हटलं, कटिंग पसंत पडलं नाही.

सूनबाईंना सांगितलं की मी वानखेड्यांना पुन्हा भेटणार आहे. वाटलं होतं, आता मिरवेल. तिने फक्त विचारलं, "उद्याची वेळ घेऊ?" आणि मी हो म्हणायच्या आत फोन लावला. हल्ली घाई फार करते.

३१ जानेवारी

वानखेड्यांच्या बाहेर बसलेली मुलगी आम्हाला बघून म्हणाली, अक्षता मॅडम, शेवटी आणलंत काकूंना. म्हणजे ही आधी येऊन गेलेली, एकटी, आणि एकदा नव्हे. मी विचारलं, कशाला आली होतीस? म्हणाली, माहिती घ्यायला. मला न सांगता? त्यावर खिडकीबाहेर बघत बसली. अमरावतीची माणसं एकमेकांना धरून असतात हे खरं.

या वेळी मी पहिलाच प्रश्न घातला, तुमच्याकडे कातडी कोण शिवतं? बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, ज्युनिअर. तोवर उशीर झालेला असतो म्हणून पिना मारून मोकळे होतात, त्याबद्दल पेशंट मला नावं ठेवतात. आणि आतलं? "आतलं मी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

मग म्हटलं, मला दाखवा. त्यांनी कागद ओढला आणि श्वासनलिका काढली, खाली तिला दोन फाटे फुटतात ते काढले. चित्र म्हणून नापास, पण समजलं. ग्रंथी कुठे कुठे असतात तिथे ठिपके दिले, वरच्या, बाजूच्या, फाट्याच्या खालच्या. प्रत्येक जागेवरच्या वेगळ्या काढायच्या, वेगळ्या डबीत ठेवायच्या, वेगळ्या तपासायला द्यायच्या. मी म्हटलं, स्कॅनमध्ये तर सगळं स्वच्छ आहे. त्या म्हणाल्या, "स्कॅनला फार बारीक असेल ते दिसत नाही. मी काढून पाहिलं नाही तर मला कळणार नाही. मला कळलं नाही तर पुढचं औषध द्यायचं की नाही, ते कशावरून ठरवू?"

छिद्रं लहान की मोठी याने आयुष्य ठरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आठल्यांसारखंच त्याही लहान छिद्रांतून करतात. फरक आत किती चिकाटीने थांबता याचा. मी विचारलं, तुमचे आधीचे पेशंट कसे आहेत? त्या म्हणाल्या, दर वर्षी मी प्रत्येकाच्या घरी फोन करते. काही जण गेलेत. असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला. तिथेच विश्वास बसला.

सूनबाईंनी या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. बहुतेक सगळे आधीच विचारून झाले असतील.

घरी येऊन सुंदराबाईंना फोन केला. खोकला आहेच म्हणाल्या. मी सांगितलं, थंडीवर ढकलू नका, उद्याच्या उद्या छातीचा स्कॅन करून घ्या. त्यांना माझा आवाज जरा कडक वाटला असेल, वाटू दे.

११ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन, आजच दाखल झाले. आठ दिवस खपून मी दवाखान्यासाठी स्वतःचे ब्लाउज शिवले. हात वर होणार नाही म्हणून दोन्ही खांद्यांवर आणि बगलेखाली बांधायचे बंद, नळी बाहेर काढायला उजवीकडे चीर. नर्सने बघितले आणि आणखी कुणाकुणाला बोलावून दाखवले. बऱ्या झाल्यावर आमच्या पेशंटांना शिवून द्याल का, म्हणाली. दर पाठवते म्हटलं.

तिसरा चेंडू काल उचलला. जरा वेळ वर ठेवूनही दाखवला.

आनंद आलाय. रात्रभर थांबेन म्हणतो, पण दवाखान्यात एकालाच परवानगी, आणि सूनबाईंनी आधीच इथे पिशवी ठेवून दिली. मी म्हटलं, मुलगा आहे तो, त्याला थांबू दे. ती म्हणाली, "उद्या ते थांबतील. आज मी." हट्टी आहे. आता तिकडे पलीकडच्या बाकावर बसलीय आणि मी झोपलेय अशी तिची समजूत आहे. हात जोडून डोळे मिटलेत. इतकी देवभोळी असेल असं वाटलं नव्हतं.

मला भीती नाही असं मी लिहीत आलेय. आहे थोडी. पण ज्या हातात जाणार आहे तो हात कुणाचा, ते मला माहीत आहे.

१५ फेब्रुवारी

आहे. दुखतं फार. हसलं की जास्त दुखतं आणि हे विनोद सांगताहेत. उद्या लिहीन.

१९ फेब्रुवारी

घरी आले. छातीतली नळी काल काढली. जिना चढताना दोनदा थांबले, पण चढले माझी मी. पिना मारल्यात. आरशात बघितलं, एका ठिकाणी कड वर-खाली आहे. माझ्या मुलीने असं केलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं. या वेळी मात्र मला कौतुक वाटलं.

ऑपरेशनच्या दिवसाची हकिकत ह्यांच्याकडून ऐकली. सांगितलं होतं त्याच्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला. आनंद फेऱ्या मारत होता, हे जप करत होते. सूनबाई दाराशी उभीच, कुणी खुर्ची दिली तरी बसेना. बाई बाहेर आल्या तेव्हा हे विचारणार होते, कशी आहे आमची मंडळी. त्याआधीच ही पुढे झाली आणि म्हणाली, फाट्याखालच्यापण काढल्या? बाई म्हणाल्या, सगळ्या. तेव्हा ही तिथेच फरशीवर बसली. ह्यांना वाटलं चक्कर आली. दिवसभर पोटात काही नाही, येणारच चक्कर. मी तिला सांगितलं, यापुढे दवाखान्यात माझ्यासाठी उपाशी राहायचं नाही.

२८ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. आज सकाळी सूनबाई आणि मी दोघीच गेलो.

बाईंनी आधी चांगलं सांगितलं. मूळची गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत. मग कागद माझ्याकडे वळवला. काढलेल्या ग्रंथींपैकी दोन, श्वासनलिकेच्या फाट्याखालच्या, त्यांच्यात कॅन्सर सापडला. स्कॅनमध्ये त्या दोन्ही स्वच्छ दिसत होत्या.

मी विचारलं, त्या काढल्याच नसत्या तर? त्या म्हणाल्या, "तर तुम्हाला सगळं साफ आहे सांगून घरी पाठवलं असतं. आणि त्या आत वाढत राहिल्या असत्या." आता केमो घ्यावी लागेल, दर तीन आठवड्यांनी सलाईन, मार्चअखेर सुरुवात. केस जातीलच असं नाही, मळमळेल, थकवा येईल. खात्री त्या देत नाहीत. पण काय आहे आणि कुठे आहे, ते माहीत असताना औषध देणं वेगळं, आणि अंधारात बसून राहणं वेगळं, म्हणाल्या. मी म्हटलं, घेऊ केमो. उन्हाळ्याची बॅच दुपारच्याऐवजी सकाळी ठेवीन.

खाली रिक्षा मिळाली. स्वारगेटला नेहमीसारखं अडकलो, पुढे बस, मागे बस. बघते तर सूनबाई रडतेय. पाच वर्षांत मी तिला रडताना बघितलेलं नाही. रिपोर्टची फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरलेली आणि आवाज न करता नुसतं पाणी वाहतंय. मला वाटलं, रिपोर्ट वाईट आला म्हणून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "अगं, रडतेस कशाला? सापडलंय ना ते?"

ती म्हणाली, "म्हणूनच रडतेय. माझ्या आईचं सापडलं नव्हतं. तिचंही हेच ऑपरेशन झालं होतं. आम्हाला सगळं साफ आहे म्हणून सांगितलं. बाबांनी सत्यनारायण घातला. पुढच्या वर्षी ती गेली. मी बारावीत होते, आई. ग्रंथींचं विचारायचं असतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं."

हिच्या लग्नात आईच्या जागी काकू बसल्या होत्या, एवढं मला माहीत होतं. मानपान, साड्या, पंगत, सगळं मी बारकाईने विचारलं होतं. आई कशाने गेली, हे पाच वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि ही पोर महिनाभर माझ्यासमोर बसून बोटं टोचून घेत होती.

बस हलली, रिक्षा पुढे सरकली. मी पदराने तिचं तोंड पुसलं. तिने पुसू दिलं.

"नाव काय होतं गं तुझ्या आईचं?" मी विचारलं.

"मुक्ता," ती म्हणाली.

आणि बोलायला लागली ती आमची गल्ली आली तरी थांबेना. रिक्षावाल्याने वळून बघितलं. मी त्याला म्हटलं, इथे नका थांबू, पुढे घ्या.